सातबाऱ्यावर अंधार चढत नाही

नागपूरच्या आपल्या खगोल मंडळाच्या सभासदांना खुले पत्र

सर्व सभासद आणि जागा समितीतील मंडळी, सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आकाश नसतं म्हणून आपल्याकडे सभा असतात. जूनपासून दुर्बिणी कपाटात, आरशाशेजारी सिलिका जेलच्या पुड्या, आणि आपण सगळे पंख्याखाली चहा पीत बसलेले. अशा दिवसांत माणूस ठराव करतो. यंदाचा ठराव मात्र मोठा आहे. मंडळानं स्वतःची अंधारी जागा उभी करायची, हे तर सगळ्यांना मान्यच आहे. पोळ्यानंतरच्या रविवारी मतदान आहे ते कशी करायची यावर, आणि जागा समितीच्या चार पानी टिपणात त्याचं एकच उत्तर दिलंय: उमरेड रोडला, झिरो माईलपासून ३८ किलोमीटरवर अडीच एकर शेत घ्यायचं, तारेचं कुंपण घालायचं, एक खोली आणि सरकत्या छपराची वेधशाळा बांधायची.

मी या ठरावाच्या विरोधात मत देणार आहे. सभेत बोलायला तीन मिनिटं मिळतात आणि तीन मिनिटांत मला नमस्कारसुद्धा नीट करता येत नाही, हे तुम्ही बावीस वर्षं पाहताय. म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवलंय, कारण ज्या गावाबद्दल पुढे लिहिणार आहे तिथल्या लोकांच्या हातीही ते पडायला हवं.

समितीवर माझा राग नाही. एप्रिल-मेच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून ही पोरं चार तालुके फिरली. मी त्या वेळी घरी कूलरसमोर होतो. त्यांनी जमीन शोधली, आणि ती चांगली शोधली: रस्ता लागून, विहिरीला पाणी, मालकी स्वच्छ. अडचण एवढीच की आपल्याला जमीन नकोय, अंधार हवाय. जमीन सातबाऱ्यावर चढते. अंधार शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खांबांवर अवलंबून असतो, आणि ते खांब आपल्या कुंपणाच्या बाहेर असतात.

फाल्गुनातल्या अमावास्येला आपण त्या शेतावर मेसिए मॅरेथॉन केली ती आठवा. एका रात्रीत मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतले ११० पिंड गाठायचे म्हणजे संध्याकाळची पहिली वीस मिनिटं सोन्याची. मावळतीला एम ७४ आणि एम ७७ या दोन दीर्घिका आधी धरायच्या असतात. शहराच्या उजेडाचा घुमट वायव्येला, त्याची कड पश्चिमेपर्यंत पसरलेली, आणि त्या कडेतच आपले दोन्ही पिंड बुडाले. पहिल्याच घासाला खडा. रात्री एकच्या सुमारास मी नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लावला. नागपूरवरून तो दक्षिणेला जेमतेम एकवीस अंश वर येतो, पण आकाश चांगलं असेल तर नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो. तिथे तो दुर्बिणीतूनही मलूल दिसला, कारण त्याच अंगाला उमरेड गाव आणि कोळसा खाणींचे दिवे. समितीच्या टिपणात ‘दक्षिण मोकळी’ असं लिहिलंय. दिवसा ती मोकळी आहे, हे खरं.

आता थोडा हिशेब. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे मर्ल वॉकर यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या शहरांभोवती मोजमापं घेऊन एक ढोबळ सूत्र काढलं. शहराच्या लोकसंख्येला किलोमीटरमधल्या अंतराच्या अडीचव्या घातानं भागायचं, आणि उत्तराला पुन्हा शंभरानं. जो आकडा येईल तितक्या पटीनं, शहराच्या दिशेला क्षितिज आणि माथा यांच्या मधोमध, नैसर्गिक आकाशावर जादा उजेड चढतो. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर २४ लाखांचं होतं. ते धरलं तर सरळ रेषेत ३५ किलोमीटरवर जादा उजेड येतो नैसर्गिक आकाशाच्या सव्वातीन पट. ५५ किलोमीटरवर तो जवळजवळ नैसर्गिक उजेडाएवढाच उरतो, आणि ८० वर चाळीस टक्क्यांच्या आसपास. सूत्र जुन्या दिव्यांच्या काळातलं आहे, लोकसंख्याही आता वाढलीय, त्यामुळे आकडे घट्ट धरून बसू नका. पण अंतराचा घात अडीच आहे, हे धरून बसा. वीस किलोमीटर पुढे गेलात की उजेड एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पन्नास मिनिटांत पोचता येतं हा त्या जागेचा गुण म्हणून टिपणात दोनदा आलाय. जिथे आपण पन्नास मिनिटांत पोचतो, तिथे नागपूरचा उजेड आपल्या आधी पोचलेला असतो.

टिपणात जोडलेल्या उपग्रहाच्या नकाशाबद्दलही सांगायला हवं. त्यावर ते शेत बऱ्यापैकी काळं दिसतं. हे नकाशे ज्या संवेदकावरून बनतात त्याला साधारण ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश दिसतच नाही, आणि आपल्याकडच्या पांढऱ्या एलईडीचा मोठा झटका नेमका त्याच्या खाली, ४५० च्या आसपास असतो. शिवाय तो उपग्रह मध्यरात्र उलटल्यावर दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. म्हणजे दुकानं, हॉल, लॉन सगळं बंद झाल्यावर तो फोटो काढतो, आणि आपण काळा रंग बघून खूश होतो. जागा मोजायची तर तिथे जाऊन, चंद्र नसताना, सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश उतरल्यावर, आकाशगंगा माथ्यावर नसताना एसक्यूएम, म्हणजे आकाशाचा उजेड मोजणारा मीटर, वर धरायचा, आणि हे एकदा करून भागत नाही. निखळ आकाशाला तो २२ दाखवतो, मोठ्या शहरात १७-१८. या आकड्यात एकाचा, म्हणजे एका प्रतीचा, फरक म्हणजे अडीच पट उजेड, पाच प्रतींचा म्हणजे शंभर पट. समितीनं एकाच रात्री मोजलंय, तेही पौर्णिमेला पाच दिवस उरले असताना. पोरांनो, रागावू नका, पण हा आकडा टिपणातून काढून टाका.

आता पेंचकडे वळतो, कारण सभेत कुणीतरी म्हणणारच की पेंच असताना हा खटाटोप कशाला. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आशियातलं पाचवं. आपल्या जिल्ह्यात हे झालं याचा मला अजूनही नवरा मुलाच्या मामासारखा अभिमान वाटतो. पण दोन गोष्टी बघा. पेंच आपल्या उत्तरेला आहे. तिथून दक्षिणेकडे तोंड केलं की समोर पुन्हा नागपूर, मध्ये कोराडी, खापरखेडा, कामठी. आणि आपल्या अक्षांशावरून बघण्यासारखं अर्धं वैभव दक्षिणेलाच आहे: वृश्चिक, धनू, आकाशगंगेचा गाभा जो इथे चाळीस अंशांपर्यंत वर येतो, अगस्त्य, आणि तोच आपला ओमेगा सेंटॉरी. त्यामुळे आपल्याला शहराच्या दक्षिण-आग्नेयेला, पण उमरेडला वळसा घालून पलीकडची जागा लागणार. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पेंचला ही मान्यता कुणी जमीन घेतली म्हणून मिळालेली नाही. तिथल्या बफरमधल्या सिल्लारी, पिपरिया, खापा या आणि शेजारच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंडाचे केले, तेव्हा ते झालं. लडाखमधल्या हानलेचं तेच. २०२२ च्या डिसेंबरात १०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र अंधाऱ्या आकाशासाठी राखीव जाहीर झालं. त्यात माणसं राहतात, गुरं चरतात. तिथल्या गावकऱ्यांनाच दुर्बिणी देऊन, शिकवून, पाहुण्यांना आकाश दाखवायला तयार केलं. दोन्हीकडे अंधार तयार झाला तो गावकऱ्यांशी बोलून.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, वकील सभासद बाकीचं सांगतील. शेतजमीन शेतकऱ्यानंच घ्यायची, विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे, आणि आपलं मंडळ शेतकरी नाही. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, नाहीतर अकृषक करून घेणं. ते सगळं जमलं असं धरू. उद्या शेजारी लॉन झालं, समोर ढाबा झाला, पेट्रोल पंप आला, आणि आकाश गेलं, तर ती जमीन विकून दुसरीकडे जाता येईल का? आपण नोंदणीकृत न्यास आहोत. स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. घेणं अवघड, विकणं त्याहून अवघड, आणि दरम्यान डोक्यावरची गोष्ट रोज बदलतेय. ‘सायन्स’मध्ये २०२३ च्या जानेवारीत आलेला अभ्यास तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलाय: लोकांनी नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या एक्कावन्न हजारांवर नोंदींवरून, २०११ ते २०२२ मध्ये आकाश दरसाल सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या आहेत, पण आउटर रिंग रोडवरून एक चक्कर मारली की आपण मागे असू असं वाटत नाही. त्या वेगानं आठ वर्षांच्या आत उजेड दुप्पट होतो. आपल्या वेधशाळेच्या छपराला तेवढ्यात गंजही चढायचा नाही.

आणि शेजाऱ्याला थांबवणार कोणत्या जोरावर? पाण्याला १९७४ चा कायदा आहे, हवेला १९८१ चा, आवाजाला २००० सालचे नियम. लग्नाच्या डीजेविरुद्ध ठाण्यात जाता येतं. हॅलोजनविरुद्ध तक्रार घेऊन गेलात तर ठाणेदार तुमच्याकडे बघेल, मग बाहेरच्या खांबाकडे बघेल, आणि चहा मागवेल.

आता माझ्या धंद्याकडे येतो, कारण हे पत्र लिहिण्याचा अधिकार मला तिथूनच मिळाला, आणि लाजही.

चोवीस वर्षं मी रस्त्यावरचे दिवे बसवण्याची कामं घेतली. आधी ट्यूब, मग सोडियम, मग एलईडी. दिवसा मी दिवे चढवायचो आणि शनिवारी रात्री तुमच्याबरोबर अंधार शोधत फिरायचो. याची गंमत मंडळात बरीच झाली, मीही हसलो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गावात, पाटीजवळच्या चौकात, मी हायमास्ट उभा केला. सोळा मीटरचा खांब, वर गोल जाळीवर सहा फ्लडलाइट. उद्घाटनाला नारळ, पेढे, फोटो. ऑक्टोबरात बिलाच्या सहीसाठी गेलो तर चौकालगतच्या वावराचा मालक माझी वाट बघत होता. माणूस शांत होता. मला बांधावर घेऊन गेला आणि म्हणाला, “पाहा जी. बाकीचं वावर सोंगून झालं. हे एवढं पिकूनच नाई राह्यलं.”

सगळं शेत कापून मोकळं झालेलं, जमिनीवर पिवळ्या धसकटांच्या ओळी. आणि खांबाच्या बाजूनं, कंपासनं काढावा तसा, हिरव्यागार सोयाबीनचा अर्धगोल. पानं टवटवीत, शेंगा चपट्या. दाबून बघितल्या, आत दाणा नुसता नावाला. सोयाबीनला रात्र मोठी झाल्याचं कळावं लागतं, तेव्हा ते फुलावर येतं आणि पुढे पिकतं. माझ्या सहा दिव्यांनी त्याची रात्रच होऊ दिली नव्हती. तुरीचंही तसंच असतं, हे मला नंतर कळलं. त्या माणसाला मी काय सांगणार? मी मंडळात प्रकाश प्रदूषणावर स्लाइड दाखवून भाषण केलेला माणूस. त्यानं नुकसानभरपाई मागितली नाही. फक्त विचारलं, “तो एक या अंगाचा फिरवता येत नाई का?” येत होता. पान्यानं दहा मिनिटांचं काम. उद्घाटनाच्या आधी कुणी विचारलं असतं तर तेव्हाच झालं असतं.

गेल्या वर्षभरात मी कुही तालुक्यात वेलतूरच्या अंगाला एका गावात सात-आठ वेळा जाऊन आलो. गावाचं नाव लिहीत नाही. नाव छापलं की एकरी भाव वाढतो आणि पुण्याहून फोन सुरू होतात. नागपूरपासून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रस्त्यानं साठाच्या वर. शहर वायव्येला, उमरेडचा उजेड नैर्ऋत्येला खाली, आणि दक्षिणेला कऱ्हांडल्याचं जंगल नि गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरचा पट्टा. पाणी जवळ असल्यानं हिवाळ्यात दव पडणार, आरशांना हीटर लागतील, ते मान्य. एप्रिलच्या अमावास्येला मी तिथल्या शाळेच्या मैदानात आठ इंची डॉब, म्हणजे साध्या बैठकीची आरशाची दुर्बीण, लावली. रात्री दोनला वृश्चिकाच्या नांगीपासून गरुडापर्यंत आकाशगंगा अशी निघाली की मध्ये गडद पट्टे वेगळे काढता येत होते. त्याआधी मात्र मैदानाच्या कोपऱ्यात एक पंचायतीचा दिवा होता, तोंड वर करून, थेट डोळ्यांत.

संध्याकाळी ओसरीवर बसलो होतो तेव्हाच तो विषय निघाला होता. सरपंचबाई, त्यांचे सासरे, शाळेचे गुरुजी, आणि कडेला उभे राहून ऐकणारे पाच-सहा जण. मी अंधाराचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटांत म्हातारबुवांनी हात वर केला.

“तुमाले अंधार पाह्यजे, आमाले उजेड पाह्यजे. आता कसं करता?”

मी गप्प. ते पुढे म्हणाले, “आमाले रात्रीची लाईन भेटते. दोन वाजता मोटर चालू कराले वावरात जा लागते. साप पायाखाली येते, डुक्कर अंगावर येते. अन् तुमी म्हणता दिवा बंद करा. तुमी दुर्बीण दाखवसान अन् सकाळी नागपूरले निघून जासान.”

याला उत्तर नव्हतं, आणि आपल्या मंडळाच्या कुठल्याही स्लाइडमध्ये ते नाही. ज्याला रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावरून चालावं लागतं त्याच्याकडे अंधार मागायला जाणारे आपण कोण? मग मला ते सोयाबीन आठवलं. मी आकाशाचा विषय सोडला आणि त्यांना हिरव्या अर्धगोलाची गोष्ट सांगितली. एक जण लगेच म्हणाला, “नाल्याजवळच्या खांबाखाली माह्या तुरीले असंच झालं होतं.” तिथून बोलणं फिरलं. दिवा बंद करा असं मी पुन्हा म्हणालोच नाही. दिवा पायापाशी पाडू, एवढंच म्हणालो.

गुरुजींनी पंधरा लिटरचा तेलाचा रिकामा डबा आणून दिला. पत्रा कापायची कात्री माझ्या गाडीत असतेच. डबा उभा चिरला, दोन बाजू वाकवून टोपीसारखा आकार केला, आतून चुलीतल्या काजळीचा हात दिला, कारण रंग नव्हता. पंचायतीचं काम करणारा वायरमन पोरगा सरपंचबाईंच्या सांगण्यावरून शिडीवर चढला. आधी त्यानं लाइन बंद करून दिव्याची मान सैल केली, तोंड सरळ जमिनीकडे आणून पुन्हा कसलं. दिवा तीसेक अंश वर बघत होता. सगळे असेच असतात, उजेड लांबवर जातो असं वाटतं म्हणून. मग टोपी तारेनं बांधली. दिवा लागला. खांबाखाली आणि शाळेच्या फाटकापर्यंत उजेडाचा स्वच्छ गोल पडला. मैदानातून बघितलं तर दिवा दिसतच नव्हता, नुसती उजळलेली जमीन दिसत होती. सरपंचबाई त्या गोलातून दोनदा चालून आल्या आणि म्हणाल्या, “आता पायाखालचं दिसून राह्यलं. पह्यले डोळ्यांतच घुसे.”

रात्री अर्धं गाव मैदानात होतं. शनी नव्हता, गुरूची वेळ गेली होती, म्हणून तारकागुच्छ दाखवले. एका आजींनी दुर्बिणीत बघितलं नाही, त्यांना नुसत्या डोळ्यांनी जे दिसत होतं ते दाखवायचं होतं. सप्तर्षीकडे बोट करून म्हणाल्या, ही म्हातारीची बाज, आणि मागचे ते तीन चोर. चौकोनाची खाट आणि ती पळवायला आलेले तीन तारे. ही गोष्ट आपल्या भागातल्या गोंडांमध्ये सांगतात, अभ्यासकांनी ती नोंदवून ठेवलीय. मी ती कागदावर वाचली होती, आजींच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

तर माझा प्रस्ताव असा. जमीन घेऊ नका. त्या गावाशी, म्हणजे पंचायतीशी, लेखी करार करा. गावातले पंचायतीचे दिवे मी मोजलेत, एकेचाळीस आहेत. ते सगळे मंडळाच्या खर्चानं बदलून द्यायचे: पूर्ण झाकलेले, सरळ खाली बघणारे, २७०० केल्विन किंवा त्याखालचे पिवळसर. निळा प्रकाश हवेत पिवळ्याच्या सुमारे तिप्पट विखुरतो, त्यामुळे रंग बदलणं ही हौस नाही. वॉट कमी चालतात, कारण वर वाया जाणारा उजेड खाली येतो. बिल कमी येतं, आणि पथदिव्यांच्या बिलावरून पंचायतींची काय दशा असते ते मला विचारा. मुख्य रस्त्याचे आणि पाणवठ्याचे दिवे रात्रभर राहतील. बाकीचे अकरानंतर मंद करायचे की नाही, हे गावानं ठरवायचं. आपण तिथे तोंड उघडायचं नाही. शेतात रात्री जाणाऱ्या प्रत्येक घराला कपाळावरची एक चांगली बॅटरी द्यायची. मैदानाच्या कडेला दहा बाय दहाचे तीन काँक्रीटचे ओटे, आणि शाळेचं बंद पडलेलं संडास-बाथरूम दुरुस्त करून द्यायचं, जे मुलींना दिवसा आणि आपल्याला अमावास्येला उपयोगी पडेल. एक दुर्बीण कायमची शाळेत ठेवायची, कुलपाची चावी गुरुजींकडे. माझ्या हिशेबानं हे सगळं जमिनीच्या रकमेच्या पाचव्या हिश्श्यात बसतं. हिशेब चुकला तर सभेत फाडा.

सरकत्या छपराची वेधशाळा यात नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांचं दुःख मला कळतं. तीस किलोचं माउंट, म्हणजे दुर्बिणीची बैठक, दर महिन्याला गाडीत चढवायचं, ध्रुव साधायचा, पहाटे उतरवायचं, हे चाळिशीनंतर पाठीला झेपत नाही. पण पक्की वेधशाळा तिथे बांधावी जिथे आकाश दहा वर्षं टिकेल असं दिसलंय. आधी तीन-चार हिवाळे मोजू द्या.

करार मोडला तर? मोडेल. पंचायत बदलते, सरपंच बदलतो, एखादा आमदार प्रेमानं हायमास्ट देऊन जातो. तेव्हा आपण तिथे चार वर्षं येणारी माणसं असू, तोंडओळखीची, ज्यांच्या दुर्बिणीतून पोरांनी शनीची कडी बघितलीत. तो हायमास्ट बसवायला आलेल्या कंत्राटदाराला बांधावर नेऊन सोयाबीन दाखवणारे दहा जण गावात असतील. कुंपणाच्या आत बसून असे दहा जण मिळत नाहीत.

महिला सभासदांनी मागच्या बैठकीत सुरक्षिततेचा मुद्दा काढला होता, तो टिपणात ‘कुंपण आणि सीसीटीव्ही’ एवढ्यावर निपटवलाय. एकट्या शेतात तारेच्या आत रात्र काढणं आणि गावच्या शाळेच्या मैदानात, पन्नास पावलांवर सरपंचबाईंचं घर असताना रात्र काढणं, यातलं काय निवडाल हे त्यांनाच विचारा. मला वाटतं उत्तर मला माहीत आहे, पण त्यांनी द्यावं. प्रमाणपत्राचंही तसंच: डार्क स्कायवाल्यांकडे अर्ज करायचाच असेल तर मोजमापांच्या वह्या भरल्यावर करू. एकदा मिळालं की झालं असं ते नसतं, दरवर्षी अहवाल द्यावा लागतो.

रविवारी मतदान पुढे ढकला एवढंच मी मागतोय. २ ऑक्टोबरला त्या गावात ग्रामसभा आहे. मंडळाच्या वतीनं कुणी गेलं, एकेचाळीस दिव्यांची यादी आणि एक नमुन्याचा दिवा घेऊन, तर त्या दिवशी ठराव होऊ शकतो. मी तर जाणारच आहे, मंडळाचा ठराव होवो न होवो. ती टोपी पावसात गंजली असणार, नवीन करून न्यायचीय. सभा अकराची असते, म्हणजे बारा धरा. सकाळी आठला सक्करदरा चौकातून निघेन. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. चौथीवर शिडी आडवी येते.

आपला,
एक जुना सभासद
(चोवीस वर्षं दिवे लावलेला)